मिठाच्या बेटाचे साहेब

देवयानीला टर्क्स अँड कैकोस नावाच्या बेटांवरच्या एका हॉटेलात हिशेब विभागात नोकरी लागली, तेव्हा तिच्या आईनं, हेमाताईंनी, पहिला प्रश्न विचारला की तिथे तूरडाळ मिळते का. वडिलांनी विचारलं, तिथे साहेब कोण आहे.

मधुकररावांच्या दृष्टीनं हा प्रश्न अगदी सरळ होता. त्यांची सगळी नोकरी ठाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात गेली होती. तेवढ्या काळात त्यांनी इतके कलेक्टर येताना-जाताना पाहिले की माणसांची पारख करण्यापेक्षा खुर्चीची पारख करणं त्यांना सोपं वाटायला लागलं. एखादा जिल्हा कसा आहे हे कळायला तिथल्या नद्या आणि पिकं पाहू नयेत, तिथे आजवर कोण कोण बसलं ते पाहावं, असं ते निवृत्तीच्या भाषणातही म्हणाले होते. समोरच्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या, कारण भाषणानंतर बटाटेवडे होते.

तेव्हा मुलगी विमानात बसली आणि मधुकरराव कॉम्प्युटरसमोर. डोंबिवली पूर्वेच्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कॅरिबियन समुद्राचा नकाशा लागला. आधी ते ठाण्याच्या ग्रंथालयात जाऊन आले, पण तिथल्या बाईंनी त्यांना प्रेमानं तुर्कस्तानावरची दोन पुस्तकं काढून दिली. हा घोटाळा पुढे नेहमीचाच झाला. शेजारचे कमलेश शहा तर भेटले की विचारायचे, देवयानी येताना गालिचा आणेल का. मग मधुकरराव जिन्यातच थांबून सांगायचे की या टर्क्सचा त्या तुर्कांशी काही संबंध नाही, तिथे एक गोल निवडुंग उगवतो, त्याच्या डोक्यावर तुर्की टोपीसारखा लाल गोंडा असतो, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. कमलेशभाई सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, छोटा असला तरी चालेल.

दर रविवारी संध्याकाळी देवयानीचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. आधी हेमाताई बोलायच्या. खाणंपिणं, झोप, केस गळतात का. मग फोन मधुकररावांकडे यायचा आणि गव्हर्नरांचा विषय निघायचा. गव्हर्नर आता कुठे आहेत, परवाच्या भाषणात काय म्हणाल्या, वगैरे. देवयानीनं एकदा खरं काय ते सांगून टाकलं: गव्हर्नर राहतात ग्रँड टर्कवर, आपण आहोत प्रोव्हिडेन्सियालिसवर, मध्ये समुद्र आहे, आणि आपल्याला त्यांचं नावसुद्धा पटकन आठवत नाही.

मधुकररावांना हे फार लागलं. डोंबिवलीत राहायचं आणि कलेक्टरचं नाव माहीत नसायचं, असं झालं हे, असं ते म्हणाले.

"बाबा, डोंबिवलीत कलेक्टरचं नाव कोणाला माहीत असतं?"

"मला," मधुकरराव म्हणाले.

त्यांची अडचण वेगळीच होती. या बेटांच्या कारभाऱ्यांचा इतिहास त्यांनी खरोखर मन लावून जमवला होता आणि तो त्यांना कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा होता. पण कट्ट्यावरची मंडळी अठराशे अठ्ठेचाळीसच्या पुढे टिकायची नाहीत. तिथे आलं की कुणाला तरी इन्शुलिन घ्यायचं असायचं, कुणाला नातवाला शाळेतून आणायचं असायचं. हेमाताई तर सतराशे नव्याण्णवलाच कुकर लावायला उठायच्या.

अशातच एका सोमवारी जेवताना हेमाताईंनी सांगितलं की देवयानीला तिथला एक मुलगा आवडलाय. त्याच हॉटेलच्या बेकरीत आहे, आपल्याकडचाच आहे, मराठी आहे, सुशांत नाव.

मधुकररावांनी भात कालवता कालवता विचारलं की आपल्याकडचा म्हणजे कुठला.

"दिव्याचा," हेमाताई म्हणाल्या.

मधुकररावांनी कालवलेला भात पुन्हा कालवला. मग म्हणाले की दिवा ठाणे महापालिकेत येतं. हेमाताई म्हणाल्या, हो, येतं. मग ते म्हणाले की तसं ते डोंबिवलीपासून जवळच आहे. हेमाताई म्हणाल्या, हो, जवळच आहे. त्यानंतर त्यांनी ताक मागितलं. दिव्याच्या दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या इमारती, पाण्याची बोंब, स्वस्त भाडी, यातलं एक अक्षरही त्यांनी काढलं नाही. ते सुशिक्षित गृहस्थ होते. असलं काही ते बोलणं शक्यच नव्हतं. हात धुऊन आल्यावर मात्र ते म्हणाले की मुलगा त्या बेटावर पाच वर्षं आहे म्हणतेस, तर त्याला तिथली माहिती कितपत आहे ते पाहायला हवं. माणूस जिथलं मीठ खातो तिथली त्याला काही जाण हवी.

सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे त्या बेटांवर वादळांचे दिवस. पाहुणे कमी असतात, म्हणून हॉटेलवाले कामगारांना तेव्हाच रजा देतात. सुशांतला रजा मिळाली. देवयानीला हिशेबाच्या कामामुळे मिळाली नाही. तो आला आणि तिसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून डोंबिवलीला हजर झाला. उंच, सावळा, हसरा मुलगा. हातात स्वतः भाजलेला केक आणि तिथल्या मिठाची एक छोटी पिशवी होती. हेमाताईंना केक आवडला, मुलगाही आवडला. मधुकररावांनी मीठ उजेडात धरून पाहिलं आणि परीक्षेला सुरुवात केली.

त्यांनी विचारलं की अठराशे पन्नास साली या बेटांचा गव्हर्नर कोण होता. हा प्रश्न फसवा होता, कारण तेव्हा तिथे गव्हर्नर नव्हताच, प्रेसिडेंट होता. सुशांतनं प्रामाणिकपणे विचार केला.

"काका, मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी पहाटे चारला भट्टी लावतो, दुपारी झोपतो. गव्हर्नरचं काय मला विचारलेलंच नाही कोणी."

मधुकररावांनी आणखी दोन-तीन सोपे प्रश्न टाकून पाहिले. जमैका स्वतंत्र झाल्यावर बेटं कुणाच्या हाताखाली गेली? गव्हर्नरच्या बंगल्याचं नाव काय? सुशांतला बंगल्याचं नाव आलं, वॉटर्लू, कारण तिथे एकदा त्यांच्या हॉटेलातून पाव गेला होता. पण तो बंगला कधी बांधला, हे आलं नाही. तो अजिबात ओशाळला मात्र नाही. चहा पिऊन झाल्यावर कप स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवला, हेमाताईंना केक ओव्हनशिवाय कसा करायचा ते समजावलं, दोघांच्या पाया पडला आणि गेला.

मधुकररावांनी निकाल दिला. मुलगा सरळ आहे, पण जिज्ञासा नाही.

हा निकाल रविवारच्या फोनवर देवयानीला कळला. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर मधुकररावांना बरं वाटलं असतं, कारण मग त्यांना शांतपणाचा सल्ला देता आला असता.

"बाबा, दिवा म्हणून नको असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्या गव्हर्नरांना मध्ये घालू नका."

मधुकरराव म्हणाले की विषय तो नाहीच. देवयानी म्हणाली, बरं, आणि तिनं आईला फोन द्यायला सांगितलं. मधुकरराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. मुलीनं नेमकं कुठे बोट ठेवलंय हे त्यांना चांगलंच कळलं होतं आणि त्याला तारीखवार उत्तर देता येत नव्हतं. आत येऊन पाहतात तो हेमाताईंनी सुशांतच्या आईशी बोलून पुढच्या रविवारी दिव्याला जेवायला जायचं ठरवूनही टाकलं होतं.

हेमाताईंचा गुडघा दुखत होता, म्हणून दोघं रिक्षानं शिळफाट्यावरून वळसा घालून गेले. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि सुशांतचं घर चौथ्या मजल्यावर होतं. चढताना मधुकरराव प्रत्येक मजल्यावर थांबले. हेमाताई गुडघ्यासकट पुढे निघून गेल्या.

घर दोन खोल्यांचं, पण नुकतं रंगवलेलं. सुशांतचे वडील, पोपटराव, ठाण्यात वायरमनचं काम करायचे. ते हसून नमस्कार करत आणि त्यानंतर बोलायचं काम बायकोवर सोपवत. त्या, रतनताई, जवळच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. मूळ गाव कणकवलीकडचं. त्यांनी आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी केली होती. मधुकररावांनी चार आंबोळ्या खाल्ल्या आणि मग आपण जरा जास्तच मोकळे झालो असं वाटून ते एकदम गप्प झाले. सगळेच गप्प झाले. सुशांत पंख्याकडे पाहत होता.

रतनताईंना शांतता झेपत नसे. त्या म्हणाल्या, "भावोजी, सुशांत सांगत होता तुम्हाला त्या बेटाचं सगळं माहितीय. तो काय सांगत नाय आम्हाला. समुद्र निळा आहे, एवढंच. तुम्ही सांगा ना. पहिल्यापासून."

मधुकररावांनी हेमाताईंकडे पाहिलं. हेमाताईंनी छताकडे पाहिलं.

मग त्यांनी सुरुवात केली. आधी तिथे साहेब कुणीच नव्हता. बर्म्युडाचे लोक जहाजांतून यायचे, उथळ पाण्याची तळी करून मीठ पिकवायचे आणि परत जायचे. राबणारे गुलाम होते. दिवसभर मिठात उभं राहून त्यांच्या पायांना फोड यायचे. रतनताईंनी च्‌च्‌ केलं आणि खाली बसून मांडी घातली. मग सतराशे नव्याण्णवात बहामाच्या सरकारनं ही बेटं आपल्या ताब्यात घेतली आणि मिठावर कर लावला. मीठ यांचं, पैसा त्यांचा, आणि राजधानी इतकी लांब की टपाल यायलाही वाट पाहावी लागायची. लोक कंटाळले. त्यांनी इंग्लंडच्या राणीकडे अर्ज केला की आम्हाला यांच्यातून काढा.

"मग?" रतनताई म्हणाल्या.

मधुकरराव अडखळले. हा शब्द त्यांनी या विषयात आजवर ऐकला नव्हता. मग, अठराशे अठ्ठेचाळीसात बेटं वेगळी झाली, जमैकाच्या देखरेखीखाली, आणि त्यांना स्वतःचा प्रेसिडेंट मिळाला. एवढीशी बेटं आणि प्रेसिडेंट! पंचवीस वर्षं एकामागून एक प्रेसिडेंट झाले. मग एक मोठं वादळ आलं, मिठाचं नुकसान झालं, तिजोरी रिकामी पडली.

एवढ्यात खालून हाक आली की पाणी आलं.

घरात एकदम धावपळ उडाली. पाणी अर्धा तास यायचं आणि चौथ्या मजल्यावर आपणहून चढायचं नाही. खालच्या मोटरला पाइप जोडून तो वर ओढून घ्यावा लागायचा. पोपटराव खाली मोटरकडे पळाले, सुशांत जिन्यात पाइप सोडवायला. रतनताईंनी पिंपांची झाकणं काढली. पाइपाचं तोंड कुणीतरी पिंपात धरून बसणं भाग होतं, नाहीतर ते उसळून बाहेर पडतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते मधुकररावांच्या हातात दिलं.

"धरा, भावोजी. आणि पुढे सांगा. तिजोरी रिकामी झाली, मग प्रेसिडेंटचं काय झालं?"

मधुकरराव मोरीच्या उंबऱ्यावर स्टुलावर बसले. प्रेसिडेंटचं पद गेलं, ते म्हणाले. बेटं जमैकाला जोडली आणि साहेब उतरून कमिशनर झाला. मधल्या काळात बेटांच्या झेंड्यावर चित्र होतं, मिठाच्या ढिगांचं. लंडनच्या चित्रकाराला ते मीठ आहे हे कळलं नाही; त्याला वाटलं ही बर्फातली घरं आहेत, म्हणून त्यानं एका ढिगाला दरवाजा काढला. कितीतरी वर्षं तो दरवाजा तसाच फडकत होता.

रतनताई पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या सगुणाबाई आपली कळशी घेऊन आल्या होत्या, त्याही दाराशी टेकल्या. त्यांचं माहेर कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका गावातलं. मधुकरराव सांगत होते की जमैका स्वतंत्र झाला तेव्हा बेटांना वाऱ्यावर सोडता येईना, म्हणून काही वर्षांनी बहामाचाच गव्हर्नर यांच्याकडेही बघू लागला. म्हणजे ज्यांच्यातून भांडून बाहेर पडले, तिथल्याच साहेबाच्या हाताखाली परत.

"आमचा गाव पन तसाच," सगुणाबाई म्हणाल्या. "कदी म्हापालिकेन, कदी भायेर, कदी परत आत."

मधुकररावांना हा दाखला इतका पटला की पाइप त्यांच्या हातून निसटला. पाणी आधी छताला लागलं, मग त्यांना. सुशांतनं धावत येऊन तोंड पकडलं तोवर मधुकरराव कमरेपासून खाली भिजले होते. दहा मिनिटांनी ते पोपटरावांच्या निळ्या चौकड्यांच्या लुंगीत हॉलमध्ये बसले होते, हातात गरम चहा होता, आणि ते एकोणीसशे त्र्याहत्तरात पोचले होते. बहामा स्वतंत्र झाला आणि बेटांना पहिल्यांदा स्वतःचा गव्हर्नर मिळाला. मध्ये कॅनडात कुणाकुणाच्या मनात आलं होतं की ही बेटं आपणच घ्यावीत, थंडीत जायला बरी. पण ते राहिलं. मग दोन हजार नऊ साली तिथल्या पुढाऱ्यांची चौकशी झाली, विधानसभा बाजूला ठेवली आणि तीन वर्षं गव्हर्नरनं एकट्यानं कारभार पाहिला. मग पुन्हा निवडणूक. आणि आता, मधुकरराव म्हणाले, त्या खुर्चीत एक बाई आहेत.

"बरं झालं," रतनताई म्हणाल्या.

संपलं. मधुकररावांनी पेला खाली ठेवला. आपण शेवटाला पोचलो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. कुणीही उठलं नव्हतं. सगुणाबाईंची कळशी भरून कधीची बाजूला राहिली होती.

मग रतनताईंनी विचारलं, "भावोजी, हे साहेब लोक इतक्या लांबून यायचे. त्यांना करमायचं का तिथे?"

 नेमणुकीच्या तारखा मधुकररावांना पाठ होत्या, बदल्याही. पण करमायचं का, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"नसेल करमत," रतनताई म्हणाल्या. "ह्याला पहिल्या वर्षी नाय करमलं. फोनवर हसायचा. पण मला कळायचं."

सुशांत म्हणाला की तसं काही नव्हतं. मग म्हणाला की होतं थोडंसं, देवयानी आली तोपर्यंत.

हेमाताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मधुकररावांनी लुंगीची गाठ उगाचच घट्ट केली. मग ते जे बोलले ते हेमाताईंनीही आधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "संध्याकाळी मी त्या नकाशासमोर बसतो. ती कुठे बसली असेल, काय करत असेल, ते नकाशात दिसत नाही. मग जे दिसतं ते वाचत बसतो. साहेब दिसतात."

 पोपटरावांनी उठून पंखा एकनं वाढवला.

निघताना मधुकररावांनी सुशांतला गॅलरीत बोलावून घेतलं. पँट अजून ओलीच होती, तेव्हा हे बोलणं लुंगीतच झालं. त्यांनी सांगितलं की आपल्या मनात दिव्याबद्दल थोडी अढी होती आणि ती असणं बरोबर नव्हतं. सुशांत म्हणाला की काका, दिव्याबद्दल आमच्या मनातपण आहे, विशेषतः पाण्याच्या वेळेला. मग मधुकररावांनी विचारलं की देवयानीला चिडल्यावर काय केलं की ती शांत होते, हे त्याला ठाऊक आहे का. सुशांत म्हणाला की काही करायचं नसतं, गरम पाव पुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. हे उत्तर बरोबर होतं. डोंबिवलीत तिच्यासाठी पावाऐवजी थालीपीठ असायचं, एवढाच फरक.

लग्न मे महिन्यात ठरलं, हॉटेलचा हंगाम ओसरल्यावर. मधल्या काळात मधुकरराव दोन-तीनदा दिव्याला जाऊन आले. एकदा लुंगी परत द्यायला, आणि नंतर कारण न शोधताच. कट्ट्यावर ते आता दिव्याच्या पाण्याबद्दल इतक्या तावातावानं बोलायचे की मंडळींना अठराशे अठ्ठेचाळीसची आठवण येऊ लागली.

लग्न डोंबिवलीच्याच एका हॉलमध्ये झालं. पंगतीत नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला. सुशांतनं कसंबसं दोन ओळींत उरकलं. देवयानीकडे सगळे वळले. तिनं सासूकडे पाहिलं; दोघींनी आदल्या दिवशी फोनवर बराच वेळ काहीतरी जुळवलं होतं. मग ती म्हणाली,

"मिठाच्या बेटावर गव्हर्नर झाले फार,
सुशांतचं नाव घेते, घरात माझंच सरकार."

हॉल हसला. कमलेशभाईंनी शिट्टी वाजवली. रतनताईंनी सुनेच्या तोंडात घास घातला. मधुकरराव हसताना सगळ्यात पुढे होते. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी शेजारी बसलेल्या पोपटरावांना हळूच सांगितलं की तसं पाहिलं तर पहिली पंचवीस वर्षं प्रेसिडेंट होते, गव्हर्नर नव्हेत. पोपटरावांनी गंभीरपणे मान डोलावली आणि वाढप्याला थांबवून त्यांच्या पानात आणखी दोन जिलब्या घालायला लावल्या.